अकीकाचा खल

सॉल्ट लेक, कोलकाता
६ जानेवारी २०२५

प्रिय कादंबरी,

तुझ्या आईने तुझा नंबर दिला नाही. "पत्र टाकायचं तर माझ्या पत्त्यावर टाका, मी तिला देईन," एवढंच म्हणाली. ते बरंच झालं. मला फोनवर सुचत नाही. तुझे काका म्हणतात, हिला फोनवर धड भांडताही येत नाही.

साडेसहा वर्षं झाली. तुझं लग्न झाल्याचं मला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कळलं, तेही एक बाई दुसरीला सांगत होती म्हणून. नागपूरच्या प्रयोगशाळेत तू पाण्याचे नमुने तपासतेस, हेही तिथेच ऐकलं. मी म्हटलं, हो, मला माहीत आहे. माहीत नव्हतं.

वरची तुझी खोली तशीच आहे, असं लिहिणार होते. तशी नाही. तिथे आता काकांची पुस्तकं आहेत आणि डॉक्टरांनी घ्यायला लावलेली एक व्यायामाची सायकल आहे, जिच्यावर ते टॉवेल वाळत घालतात. पण गच्चीवर गेलं की मला अजून शहाळ्यांची सालं पसरलेली दिसतात. तू कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडून रिकामी शहाळी पोत्यात भरून आणायचीस आणि त्याची पक्की समजूत होती की आपण घरात बकऱ्या पाळल्यात. "बकऱ्या बऱ्या आहेत ना दिदी?" असं तो मला अगदी गंभीरपणे विचारायचा. मी म्हणायची, बऱ्या आहेत. तू मागे उभी राहून हसू दाबायचीस. माझी विद्यार्थिनी म्हणून लॅबमध्ये तू मला मॅडम म्हणायचीस आणि घरी मावशी. जिन्याच्या कितव्या पायरीवर मॅडमची मावशी होते, हे काकांना कधी कळलं नाही.

मुख्य बातमी सांगायची राहिली. आपला शहाळ्याच्या सालांचा कोळसा प्रयोगशाळेच्या बाटलीतून बाहेर पडला आहे. शहराच्या पूर्वेला, भेड्यांच्या काठावर, नतूनपाडा म्हणून वस्ती आहे. भेड्या म्हणजे ती मासळीची मोठाली तळी, तुला एकदा नेलं होतं. वस्तीत तीस-पस्तीस घरं सूत आणि साड्या रंगवतात. त्यांचं लाल-निळं पाणी आजवर नाल्याने थेट भेडीत जायचं. आता मध्ये दोन उंच टाक्या उभ्या राहिल्यात, आणि त्यांत आपला कोळसा. सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीने आपला शोधनिबंध वाचून, त्याबरहुकूम, कोळसा पोत्यांनी बनवला. मला सल्लागार म्हणून घेतलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, कोणी बोलावलं याचंच अप्रूप.

रंगाऱ्यांना मी समजावून सांगितलं. म्हटलं, पाण्यात आपण परसल्फेट नावाचं मीठ टाकतो, ते एरवी झोपलेलं असतं. कोळसा त्याला जागं करतो, मग ते रंगाचे तुकडे तुकडे करून टाकतं. कोळसा स्वतः खर्ची पडत नाही. आणि यात लोखंड, तांबं, कोबाल्ट, कुठलाही धातू नाही, त्यामुळे पाण्यात धातू उतरण्याची भीती नाही. आभा नावाची एक रंगारीण आहे, पन्नाशीची, तोंडाने तिखट. ती म्हणाली, "म्हणजे घरातल्या सासूसारखं. स्वतः काही करत नाही, सगळ्यांना कामाला लावते." मी हसले. तुला सांगायला हवं असं वाटलं, म्हणूनच हे पत्र.

आठ मार्चला उद्‌घाटन आहे. महिला दिन साधून एका बाईच्या संशोधनाचा गौरव, वगैरे. फाटक उघडून ते पाणी भेडीत सोडायचं.

एक किरकोळ काम. तुझी तिसरी वही, हिरव्या पुठ्ठ्याची, मला कुठे सापडत नाही. तुझ्याबरोबर आली का? निदान पानांचे फोटो काही असतील तर कळव. कंपनीला जुने आकडे लागतात.

तुझी
सुचित्रामावशी


सॉल्ट लेक
३० जानेवारी २०२५

प्रिय कादंबरी,

उत्तर नाही, तेव्हा वही तुझ्याकडे नसावी असं धरून चालते. किंवा आईने पत्र दिलं नसेल. दिलं असणार, ती शब्दाची पक्की.

चाचणी सुरू झाली. पहिले आठ दिवस पाणी असं आलं की बघत राहावं. भेडीवरच्या मच्छीमार संस्थेचे सेक्रेटरी प्रभाकर मंडल म्हणून आहेत, साठीचे, बारीक, बोलताना सारखे पाण्याकडे बघणारे. त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन हुंगलं आणि म्हणाले, "दिदिमणी, या पाण्याला वासच नाही. माशांना करमणार नाही." शिक्षिकेला इथे दिदिमणी म्हणतात, तू विसरली नसशील.

नवव्या दिवशी पाणी गुलाबी आलं. फिकट, गुलाबाचं सरबत पातळ केल्यासारखं. दहाव्या दिवशी गडद.

कंपनीचा इंजिनिअर अजेय, चाळिशीचा, सभ्य मुलगा. तो म्हणाला, "मॅडम, कोळसा दमला असेल."

मी म्हटलं, "दमत नाही हेच तर त्याचं वैशिष्ट्य."

"मग रंगाऱ्यांनी रंग बदलला असेल."

आभाने ऐकलं. म्हणाली, "हो, तुमच्या टाकीला चिडवायला."

आता तुला वेगळं सांगायला नको. आठ दिवस पाणी स्वच्छ आलं ते कुठल्याही कोळशाने आलं असतं. कोळसा रंग नुसता शोषून घेतो, स्पंजासारखा. स्पंज भरला की संपलं. म्हणजे मीठ जागं झालेलंच नाही. आणि जागं न झालेलं ते मीठ पाण्याबरोबर तसंच पुढे जातंय. अजून बाहेर काही सोडलेलं नाही, सगळं एका हौदात साठवलं आहे.

असं का होतंय याचं कारण मला कळत नाही.

मी तुमच्या प्रयोगशाळेत कुरिअरने दोन बाटल्या पाणी आणि पुडीभर कोळसा पाठवते आहे. रीतसर फॉर्म भरून, ग्राहक म्हणून. तुलाच मिळतील असं नाही. इथे कोणाला दाखवलं तर लगेच बोभाटा होईल, तो टाळायचा, एवढाच त्यात हेतू. पाण्यात किती मीठ उरलंय आणि रंगाचे अंश किती, एवढंच तपासायला सांगितलं आहे.

थंडी आहे अजून. काका मफलर गुंडाळून बसतात, आणि मी त्यांना रोज म्हणते की बंगाल्यांसारखे दिसता.

तुझी
सुचित्रामावशी


सॉल्ट लेक
१६ फेब्रुवारी २०२५

कादंबरी,

अहवाल आला. दोन पानं. खाली "विश्लेषक" एवढं छापलेलं आणि त्यावर नुसती रेघोटी, पण तो क मी ओळखते. सहा वर्षं तो मी वह्यांवर पाहिला आहे.

पत्र नव्हतं. एक ओळही नव्हती. तळाशी तुमचं नेहमीचं वाक्य छापलेलं: नमुना ग्राहकाने पाठवला असून निष्कर्ष केवळ या नमुन्यापुरते मर्यादित आहेत. मी ते तीनदा वाचलं, त्यात काही सापडतं का म्हणून.

मीठ जवळजवळ सगळंच्या सगळं उरलेलं. ते अपेक्षितच होतं. पण दुसऱ्या पानावर, शेवटी, एक ओळ होती जी मी मागितली नव्हती. कोळसा: लोह, आढळले नाही.

मी न मागता तू ते तपासलंस. म्हणजे तुला कळलं होतं. म्हणजे मी "कारण कळत नाही" असं लिहिलं ते तू वाचलंस आणि ते खरं नाही, हेही तुला कळलं.

तर आता नीट लिहिते.

मार्च २०१८. विभागातलं दळायचं यंत्र बंद पडलं होतं आणि दुरुस्तीचा माणूस येतो येतो म्हणत होता. भट्टीतून काढलेला कोळसा तसाच पडून. मी घरून आईचा खलबत्ता आणला. लोखंडी, जड, ज्यात आई तीळ, कारळं, सुकं खोबरं कुटायची. तू दुपारभर गच्चीवर बसून कोळसा कुटलास. युरियाबरोबर पुन्हा भाजलास. आणि त्या कोळशाने वीस मिनिटांत बाटलीतला रंग घालवला. आपण दोघी नाचलो होतो. काकांनी मिष्टी दोई आणलं.

मग निबंध लिहायला बसले. कोळसा कशात कुटला, ते लिहावं लागतं. सगळे लिहितात अकीकाचा खल. तो दगडाचा असतो, त्यातून काही झिजून मिसळत नाही. मी तेच लिहिलं. तू म्हणालीस, "पण मावशी, आपल्याकडे अकीकाचा खल नाहीच." मी म्हटलं, सगळे तसंच लिहितात, आणि काही फरक पडत नाही.

तेव्हा मला वाटलं होतं की मी एक किरकोळ गोष्ट नीटनेटकी करते आहे. खरं म्हणजे मला लाज वाटली. परदेशातल्या मासिकात स्वयंपाकघरातला लोखंडी खलबत्ता. मी कॉन्व्हेंटात भाकरी नेत असे, सुरुवातीला. मुली डब्यात वाकून बघायच्या आणि विचारायच्या, हे काय आहे. मी आईला सांगितलं की सिस्टर इमेल्डांनी भाकरी आणायला बंदी केली आहे. त्या बिचाऱ्यांना भाकरी म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. आई दहा वर्षं त्यांच्यावर राग धरून होती. एका वाक्याने काम भागतं, हे मी तेव्हा शिकले.

तू मात्र गप्प बसली नाहीस. जुलैत तू तो कोळसा आम्लात धुतलास, एकदा, दोनदा, पाचदा. दर धुण्याला काळपट-पिवळं पाणी उतरलं आणि दर धुण्याला कोळसा मंद होत गेला. पाचव्या धुण्यानंतर तो साध्या चुलीतल्या कोळशाइतका निरुपयोगी झाला. काम कोळसा करत नव्हता. बत्त्यातून झिजून मिसळलेलं लोखंड करत होतं. तू माझ्यासमोर वही ठेवलीस.

मी पहिल्या धुण्यापासून म्हणत होते तेच म्हटलं, "तुझा हात चुकला. आम्ल जास्त तीव्र झालं, कोळसाच खराब झाला."

तू म्हणालीस, "मी पाच वेळा केलंय, मॅडम." घरात होतो आपण, स्वयंपाकघरात, आणि तू मॅडम म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस.

वही माझ्याकडे आहे. तू गेलीस त्या दिवसापासून आहे. कपाटात, माझ्या शालींखाली. जानेवारीत तुला विचारलं ते तुझ्याकडे प्रत आहे का, हे बघायला. कंपनीला कुठलेच आकडे नको होते. हे लिहिताना मला स्वतःचाच हात परका वाटतो आहे, पण लिहिते.

काल काका शाल काढायला गेले आणि त्यांच्या हाती वही लागली. तासभर बसून वाचली. रसायनातलं त्यांना काही कळत नाही, पण तारखा कळतात, आणि समासात तू लिहिलेलं "मॅडम म्हणतात हात चुकला, पुन्हा करून पाहते" हे कळतं. ते एवढंच म्हणाले, "सुचित्रा, तू माणसांना फार प्रेमाने नापास करतेस."

तर कंपनीने काय केलं पाहा. त्यांनी आपला निबंध प्रामाणिकपणे पाळला. धातूचा स्पर्श नको म्हणून खास चिनी मातीच्या गोट्यांच्या यंत्रात कोळसा दळला. मी जे खोटं लिहिलं ते त्यांनी खरं करून दाखवलं.

सुचित्रामावशी


सॉल्ट लेक
२७ फेब्रुवारी २०२५

कादंबरी,

हे पत्र छोटं आहे. मोठं लिहायला बसले तर मी परत शहाळेवाल्याकडे जाईन.

अजेयला मी सगळं सांगितलं. खलबत्ता, वही, अहवाल. त्याने टेबलावरचा पेपरवेट कागदांवर नीट ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, आठ तारखेला आपण ताजा कोळसा भरू. आठवडाभर पाणी स्वच्छ येईल. फीत कापली जाईल. मग आपण म्हणू की सुधारणा चालू आहे. लोखंडवाला कोळसाही करू, सावकाश. आत्ता थांबवलं तर प्रदूषणाचे सरकारी लोक रंगाऱ्यांची घरं महिन्याभरात सील करतील. ही टाकी आहे म्हणून त्यांना मुदत मिळाली आहे."

शेवटचं खरं आहे.

मी म्हटलं, "आणि मीठ? ते तर भेडीत जाणार."

"आठवड्याचं किती जाईल, मॅडम? एवढं मोठं तळं आहे."

मी हो म्हटलं.

तुला आणखी एक सांगायचं आहे आणि ते मी सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. तू जर्मनीतल्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होतास, इथून गेल्यावर तीन महिन्यांनी. निवड समितीने मला गुप्त अभिप्राय मागितला. मी लिहिलं: अत्यंत बुद्धिमान मुलगी. कष्टाळू. परंतु प्रयोगातील हात स्थिर नाही. तिचे निकाल दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत.

सुंदर इंग्रजीत लिहिलं. मला वाईट वाटत होतं लिहिताना, आणि वाईट वाटतंय म्हणजे मी न्यायाने वागते आहे असं मला वाटलं. तू पुढे समितीकडे असं काही लिहिलंस की निबंध चुकीचा आहे, तर तुझ्यावर कोणी विश्वास ठेवू नये, हा त्यामागचा हिशेब मी स्वतःलाही कधी सांगितला नाही. आज सांगते आहे.

ती शिष्यवृत्ती तुला का मिळाली नाही हे तुला कोणी कळवलं नसणार.

सुचित्रा


सॉल्ट लेक
११ मार्च २०२५

कादंबरी,

आठ तारखेचं तू दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी लिहिते. इथल्या एका बंगाली वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आहेत, आणि मंडळातल्या बायकांकडे त्या पोचल्या आहेत.

भेडीवाल्यांची एक रीत आहे. तळ्यात नवं पाणी घ्यायचं असेल तर आधी त्या पाण्याच्या चरात बारीक जाळ्याची एक पेटी बांबूंना बांधून सोडतात. तिला ते हापा म्हणतात. तीन दिवस त्यात माशांची पिल्लं ठेवायची. पिल्लं खेळती राहिली तर फाटक उघडायचं. आपण आमटी वाढायच्या आधी चाखतो, तसं. प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्या असोत नसोत, हापा लागतोच.

पाच तारखेला ताज्या कोळशातून आलेलं पाणी चरात सोडलं होतं आणि प्रभाकरबाबूंनी हापा लावला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आठला सकाळी नऊ वाजता पोचले, पांढरी ढाकाई नेसून. मांडव घातलेला, खुर्च्यांना रेशमी खोळी. पाहुणे यायचे होते. चरातलं पाणी काचेसारखं. मी चराच्या कडेने चालत गेले आणि पाहिलं तर प्रभाकरबाबू गुडघाभर चिखलात उभे, आणि एका पितळी भांड्यातून नवी पिल्लं हाप्यात सोडत होते. मला पाहून चपापले.

मी विचारलं, "आधीची कुठे गेली?"

"ती काढली, दिदिमणी. बारीक होती."

"बारीक म्हणजे?"

ते भांडं विसळत राहिले. म्हणाले, "काल संध्याकाळी निम्मी उलटी झाली होती, आज सकाळी सगळीच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पाणी तुमचं चांगलंच आहे, दिसतंयच की. आमच्याच हाताचा दोष असणार. पिल्लं आणताना बादलीत फार वेळ राहिली, मुलगा म्हणत होता थांबू नका, मीच चहाला थांबलो. पाहुण्यांसमोर मेलेली दिसली तर तुमचा अपमान होईल, म्हणून बदलतोय."

चाळीस वर्षं तो माणूस पिल्लं आणतो आहे. त्याच्या बादलीत कधी मेली नसतील. आणि माझं पाणी चुकेल यापेक्षा आपला हात चुकला असेल हे त्याला सोपं वाटत होतं, कारण मी तिथे निबंध घेऊन आले होते.

मी त्यांना म्हटलं, "तुमचा हात चुकलेला नाही." साडीचा काठ चिखलात गेला होता आणि ते वाकून तो सोडवायला लागले.

मी अजेयची वाट पाहिली नाही. माइकची तपासणी चालू होती, तिथे गेले आणि बंगालीत सांगितलं. मोठं काही नाही. फाटक उघडू नका. हे पाणी दिसतं तसं नाही. यात एक मीठ उरलेलं आहे ज्याने तुमची पिल्लं मेली. हा कोळसा ज्या निबंधावरून बनवला त्यात मी खोटं लिहिलं आहे. कोळसा लोखंडी खलात कुटला होता आणि मी दगडाचा खल लिहिला. माझ्या विद्यार्थिनीने मला तेव्हाच दाखवून दिलं होतं. ही कंपनी माझ्यामुळे फसली, तिने निबंध पाळला.

कोणीतरी माइकची वायर तपासायला धावलं.

मग आभा उठली. मला वाटलं ती ओरडेल. ती अगदी शांतपणे म्हणाली, "सहा महिने आम्ही काम अर्धं ठेवून चर खणले, दिदिमणी. माझ्या सुनेने डोक्यावरून माती वाहिली. आणि पाणी गुलाबी आलं तेव्हापासून तुम्हाला हे माहीत होतं?"

मी म्हटलं, हो.

"महिला दिनाची भेट बरी दिलीत," ती म्हणाली आणि खुर्ची उचलून, म्हणजे खरंच उचलून, स्वतःच्या दारात नेऊन ठेवली. ती खुर्ची तिच्याच घरची असावी.

अजेयने मला गाडीपर्यंत पोचवलं. वाटेत म्हणाला, "मॅडम, निदान चहा तरी होऊ द्यायचा होता." मग म्हणाला, "मला हे जमलं नसतं." कंपनीने आज त्याला रजेवर पाठवलं आहे. ते माझ्या खाती.

फाटक बंद आहे. प्रभाकरबाबूंनी साखळी घातली आणि किल्ली संस्थेच्या कपाटात ठेवली. चरातलं पाणी पंपाने परत हौदात घेतात. रंगाऱ्यांची मुदत महिनाअखेर संपते. आभाने काल फोन केला, माझी चौकशी करायला नव्हे. विचारलं, "लोखंडाने काम होत होतं ना? मग लोखंड घालून करा." मी म्हटलं, होईलही. पण ते लोखंड पाण्यात किती उतरतं, किती दिवस टिकतं, हे पाहायला निदान वर्ष लागेल आणि मी आता खोटं सांगणार नाही. ती म्हणाली, "वर्षभर आम्ही काय साड्या पांढऱ्या विकू?" मी रोज सकाळी तिकडे जाते. बसते, नमुने घेते. अजून तरी मला कोणी खुर्ची देत नाही.

तुला बोलावण्यासाठी हे लिहीत नाही. माफी मागितली तर ती द्यायची की नाही हे ओझं तुझ्यावर पडेल, म्हणून तेही करत नाही. दोन कागद सोबत आहेत. एक जर्मनीतल्या त्या विद्यापीठाला लिहिलेल्या पत्राची प्रत. त्याचा आता काही उपयोग नाही, तिथली माणसंही बदलली असतील, पण माझा २०१८ चा अभिप्राय खोटा होता आणि का खोटा होता, हे त्यांच्या फायलीत असायला हवं. तुझी वहीही या पाकिटात आहे. मी त्यातल्या आम्ल धुण्याच्या पानांच्या प्रती ठेवून घेतल्या आहेत, आणि तसं पहिल्या पानावर लिहून सही केली आहे.

दुसरा कागद मासिकाचा फॉर्म आहे, निबंध मागे घेण्याचा. छापून घेतला. त्यावर प्रत्येक लेखकाची सही लागते. करायची नसेल तर करू नकोस. महिनाअखेरपर्यंत तो परत आला नाही, तर दुसरी प्रत मी माझ्या एकटीच्या सहीने पाठवीन आणि तसं मासिकाला कळवीन. चूक काय झाली, यासाठी एक रकाना आहे. चूक कोणी केली, यासाठी एक आहे. चूक प्रथम कोणाच्या लक्षात आली, यासाठी नाही. मी पट्टी घेऊन खाली एक रकाना आखला आहे. त्यात ११ जुलै २०१८ ही तारीख लिहिली आणि तुझं नाव लिहायला घेतलं.

तुझं आताचं आडनाव मला माहीत नाही. आईला विचारता आलं असतं, विचारलं नाही. तेव्हा जे होतं तेच पेन्सिलीने लिहिलं आहे. तू तिथे तुला हवं ते नाव शाईने लिही.

सुचित्रा